चाळीस चौकटी

गारसाइड यांनी काचेचे दार पाठीमागे ओढून घेतले आणि तरीही आवाज खाली आणला.

“फक्त जाण्याचा भाग दाखव. विमानात चढतात तिथपर्यंत. येण्याचा नको.”

“त्यांनी विचारलं तर?” म्युरिएलने विचारले.

“नाही विचारणार. सहा आठवड्यांपूर्वी तार गेलीय त्यांना, बेपत्ता म्हणून. आता मुलगा विमानातून उतरताना दिसला, तर त्या बाईच्या मनात काय काय येईल? नकोच ते. नंतर चहा दे आणि साडेचारच्या गाडीला लाव. साखर माझ्या खणात आहे, पुडीत. दोन चमचे घाल.”

म्युरिएल ट्रँटरने मान हलवली. तिच्या हातांत अजून कामाचे पांढरे सुती मोजे होते. काचेपलीकडच्या बाकावर हॅना एंटविसल गुडघ्यांवर पर्स ठेवून बसली होती. ठेवणीतला तपकिरी कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणे. लँकेशरमधल्या रॅमसडेलहून ती सकाळच्या गाडीने लंडनला आली होती आणि आल्यापासून त्या दोघांकडेच पाहत होती.

गारसाइड बाहेर आले. तोंडावर हसू आणून थोडे वाकले.

“प्रवास कसा झाला, एंटविसलबाई?”

“झाला, साहेब. उभ्यानंच झाला, पण झाला. तुमची साखर मात्र राहू द्या. पुडीत जपून ठेवलीय, ती कशाला मोडता? आणि पोराचं येणंही बघीन मी. जाणं तर मी स्टेशनावर किती वेळा बघितलंय.”

गारसाइड यांनी वळून दाराकडे पाहिले. ते जाड काचेचे दार होते. त्यांच्या युद्धचित्रपट विभागाला हे तळघर मिळाले, तेव्हा यंत्रांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनीच ते मागवून घेतले होते.

“दार चांगलं आहे तुमचं,” हॅना म्हणाली. “मी कापडगिरणीतली बाई. बाराव्या वर्षापासून विणायच्या साच्यावर उभी आहे. सहाशे साचे एकदम चालतात आमच्या खात्यात. कानात काही शिरत नाही, आणि आता तर बाहेरही फारसं शिरत नाही. आम्ही ओठांवरनं बोलतो. मीमॉ म्हणतो आम्ही त्याला. तुम्ही पाठ करून बोलायला हवं होतं, साहेब.”

गारसाइड यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. म्युरिएलला हसू आले आणि ते तिने खाली पाहून गिळले.

हॅनाने पर्स उघडून एक पत्र काढले. घडीवर चिरत आलेला तो कागद तिने त्यांच्या हातात दिला नाही. स्वतःच धरून दाखवला. तिच्या मुलाचे, क्लिफर्डचे शेवटचे पत्र होते ते. फेब्रुवारीतल्या ज्या दिवशी तो शेवटचा उडाला, त्याच दुपारी लिहिलेले. ‘आमची रंगीत फिल्म काढताहेत. आपल्या पॅलेसला लागली की पुढच्या रांगेत बस. मी तुझ्याशी बोललो आहे तिच्यात. फिल्मला आवाज नाही, म्हणून तर बोललो.’

“माझ्याच खात्यात बाबिणी वाहत होता तीन वर्षं,” ती म्हणाली. “साऱ्या बायकांच्या चहाड्या ओठांवरनं ठाऊक त्याला. पॅलेसला लागेपर्यंत मी थांबलेही असते. पण पोरगं काही बोललंय आणि ते इथं डब्यात पडून आहे, हे डोक्यातनं जात नाही. तेवढं बघते आणि जाते.”

गारसाइड यांनी पत्र दोनदा वाचले.

“म्युरिएल, सगळं दाखव,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीकडे गेले.

सगळे दाखवायचे म्हणजे काय, हे म्युरिएलला ठाऊक होते. रंगीत फिल्मला लख्ख ऊन लागते. बॉम्बर विमाने संध्याकाळी जात आणि परतत ती काळोखात. म्हणून कॅमेरावाल्यांनी दुपारी अडीचच्या उन्हात त्या सात जणांना विमानात चढायला लावले होते आणि लगेच, दमलेल्या चेहऱ्याने, उतरायलाही लावले होते. त्या संध्याकाळी ते सातही जण खरोखर गेले. म्युरिएलने या आठवड्यात दोन्ही तुकडे जोडले होते. मधे ढगांची आणि आगीच्या लोळांची दृश्ये घातली होती. पाहणाऱ्याला कुठे सांधा दिसला नसता.

तिने लहान खोलीतला दिवा मालवला आणि प्रोजेक्टर सुरू करण्यापूर्वी टेबलावरचा दिवा वळवून आपल्याच चेहऱ्यावर घेतला.

“असा ठेवू? म्हणजे मी बोलले तर—”

“शहाणी आहेस पोरी. ठेव.”

पडद्यावर थंडीतले निळे आकाश आले. हिरव्या आणि मातकट पट्ट्यांचे विमान, काळे कुळकुळीत पोट, चाकांशी चिखल. माणसे एकेक करून सायकलींवरून आली. सर्वांत शेवटी पिवळ्याधमक फुगीर पोशाखातला एक जण बदकासारखा चालत आला. विमानाच्या शेपटीत बसणाऱ्या गनरचा तो पोशाख होता. त्याने टोपी काढून डोके खाजवले.

हॅना खुर्चीत पुढे सरकली.

“तांबडे केस,” ती म्हणाली. “अगं, तांबडेच आहेत! फोटोत नेहमी काळे येतात. मलाच वाटायला लागलं होतं, काळेच होते की काय.”

पडद्यावर माणसे एकमेकांना ढकलत होती, सिगारेटी विझवत होती, हसत होती. गेले चार दिवस ती हीच माणसे पाहत होती. त्यांच्या हालचाली कुठे सुरू होतात, कुठे संपतात, एवढेच.

“हा उंच कोण?”

“पायलट. रेनशॉ त्यांचं नाव.”

“तो म्हणतोय, हे बूट कोणाचे रे, एकेकात दोघंदोघं मावतील. आणि क्लिफ म्हणतोय, माझेच ते, एकात मी आणि एकात माझं नशीब.” तिला हसू फुटले. “आगाऊ कार्टं. हा जाडा बघ. कॅमेरावाल्या साहेबाला म्हणतोय... नको. मी प्रार्थनेला जाणारी बाई आहे.”

चार दिवस मुकी असलेली ती माणसे खोलीत बोलू लागली होती. म्युरिएलला खुर्चीत नीट बसावेसे वाटले.

मग ढग आले, आग आली. आणि मग तेच विमान, तेच ऊन. माणसे शिडीवरून उतरू लागली. खांदे पाडून, चेहऱ्यावरून तळवे फिरवीत. रेनशॉने उतरताना मागे वळून काहीतरी म्हटले आणि जाड्या मान खाली घालून हसला.

हॅनाचे हसू मात्र थांबले.

“थांबव जरा. दिवा अजून तोंडाजवळ घे.”

म्युरिएलने घेतला.

“तो उंच मुलगा म्हणाला, चौथ्यांदा परत आलो आपण, अजून गेलोय कुठं. हे कधीचं आहे, पोरी?”

खोटे बोलायला जागा होती. पण दिव्याच्या उजेडात या बाईसमोर ओठ हलवून खोटे बोलणे म्युरिएलला जमले नसते.

“त्याच दुपारचं. आधी उतरायचं करून घेतलं. संध्याकाळी मग ते गेले.”

“म्हणजे त्या रात्रीनंतरचं काही नाही.”

“नाही.”

हॅनाने उजव्या हाताचा मोजा काढला. मांडीवर ठेवून तो सारखा केला आणि पुन्हा हातात घातला, एकेका बोटाला वेळ देत.

“बरं,” ती म्हणाली. “लाव पुढचं. अजून माझ्याशी बोलला नाही तो.”

पुढे फार काही नव्हते. क्लिफर्ड शेपटीकडून आला, दोन पावले चालला आणि दृश्य तुटले. सगळे चहाच्या गाडीभोवती जमलेले दिसले, सूर्य विमानाच्या पंखावर आला आणि पडदा पांढरा झाला.

“झालं?”

“झालं.”

“नाही. कुठंतरी आहे. थापा मारायचा तो, पण माझ्याशी नाही.”

म्युरिएल हात मांडीवर धरून बसली होती. सोमवारची सकाळ तिला आठवत होती. शेपटीकडून आलेला पिवळा माणूस दोन पावले चालून थांबला होता, थेट कॅमेऱ्याच्या भिंगात पाहत होता, आणि तोंड वेडेवाकडे मोठे करून काहीतरी करत होता. या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, भिंगात पाहिले की दृश्य वाया गेले. पाहणाऱ्याला कॅमेरा आठवतो. तिने विचारसुद्धा केला नव्हता. आधीच्या पावलावर कात्री लावली होती आणि वहीत लिहिले होते, ‘भिंगात पाहतो. वेडावतो. काढले.’

“तो तुकडा होता,” ती म्हणाली. “मी कापला.”

हॅना तिच्या ओठांकडे पाहत राहिली, जणू पुन्हा एकदा वाचत होती.

“कुठं टाकलास?”

टाकाऊ फिल्म दर शुक्रवारी तीन वाजता जात असे. चांदी काढण्यासाठी ती वितळवत. आज शुक्रवार होता आणि तीनला वीस मिनिटे होती. पोती जिन्याखाली तोंडे बांधून ठेवली होती. म्युरिएलने या आठवड्याचे पोते ओढून सुतळी कापली. आतून वळवळत फिल्मचा गुंता बाहेर आला, शेकडो पट्ट्या, जवळजवळ सगळ्या काळ्यापांढऱ्या. ती मुठीने ओढू लागली. गुंता अधिकच आवळला.

“अगं, ओढू नको! ओढून धागा कधी सापडलाय का? हो बाजूला.”

हॅना जिन्याच्या पायरीवर बसली. तिने दोन्ही मोजे काढले आणि पोत्यात हात घालून पट्ट्या एकमेकींवरून नुसत्या सरकवू लागली. बोटे जाड होती, टोकांना जुने व्रण होते. पण ती ज्या हलकेपणाने चालली होती त्याकडे म्युरिएल पाहत राहिली. एकेक रंगीत पट्टी वर येई, म्युरिएल ती जिन्यावरच्या बल्बसमोर धरी आणि बाजूला ठेवी. आकाश. आकाश. एक कुत्रा. चाक. रस्त्यावर लॉरीचा भोंगा वाजला. तो हॅनाला ऐकू आला नाही, म्युरिएलने सांगितलाही नाही. जिन्यावरून उतरणाऱ्या हमालाला तिने हातानेच थांबवले.

“ही का?” हॅनाने विचारले.

फूटभराच्या पट्टीत नखाएवढे पिवळे ठिपके, एकाखाली एक.

म्युरिएलने ती पट्टी कोऱ्या फिल्मला जोडली. चिकटद्रव वाळू दिला. दिवा मालवला. पिवळा माणूस थांबला, त्याने समोर पाहिले, ओठ मोठे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आणि पडदा पांढरा झाला.

“पुन्हा,” हॅना म्हणाली.

दुसऱ्या वेळी तिचेही ओठ त्याच्याबरोबर हलले. तिसऱ्या वेळी ते मिटलेले होते.

गारसाइड दारात केव्हा येऊन उभे राहिले ते म्युरिएलला कळले नव्हते. त्यांनी भिंतीवरचे बटण दाबले. हॅना वळली.

“काय म्हणतो तो?” त्यांनी विचारले. ओठ नीट दिसावेत म्हणून हनुवटी वर करून, शब्द तोडून.

हॅनाने त्यांच्याकडे पाहिले. गारसाइड यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती आणि हातात अर्धवट लिहिलेले निवेदनाचे कागद होते.

“म्हणतो, आधण ठेव आई, हा आलोच मी, आणि चहा जरा दाट कर.”

गारसाइड टेकायला जागा शोधल्यासारखे टेबलाच्या कडेवर बसले.

“तीन आठवडे मी या माणसांना वाक्य शोधतोय,” ते म्हणाले. “पानंच्या पानं फाडली. आणि ते हे असं मिळालं. बाई, लोकांना परत येणं बघायचं असतं. मी खोटं दाखवतोय असं तुम्हाला वाटेल—”

“मला काही वाटत नाही, साहेब.”

“निवेदनात हे घेतलं तर चालेल?”

“घ्या की. पण त्याचं तोंड दाखवाल ना? पुरतं?”

“पुरतं.”

“भिंगात बघतोय म्हणून ही मुलगी पुन्हा कापायची.”

“एक चौकटसुद्धा कापली जाणार नाही. माझा शब्द.” त्यांनी म्युरिएलच्या टेबलावरचा तक्ता ओढला, क्लिफर्डच्या दृश्यापुढे ‘पूर्ण ठेवणे’ असे लिहिले, खाली सही केली. जाताना त्यांनी हॅनाचा हात दोन्ही हातांत घेतला.

दार बंद झाल्यावर म्युरिएलने ती पट्टी यंत्रातून सोडवली आणि उजेडाच्या काचेवर आडवी ठेवली. टोकदार पेन्सिलीने ती चौकटी मोजत गेली. सेकंदाला चोवीस चौकटी सरत, आणि मोजणे ही तिची सवयच होती. निवेदनाचा प्रत्येक शब्द कुठल्या चौकटीवर पडणार, हे तिलाच लिहून द्यावे लागे. चाळीस. तिने ते वाक्य निवेदकाच्या संथ चालीने मनात म्हटले, आणि मग भराभरा, मुलाच्या चालीने म्हटले. बहात्तर. कमीत कमी पासष्ट.

ती वळली, तोंड उजेडात येईल अशी.

“एंटविसलबाई, ते वाक्य यात मावत नाही.”

हॅना कोटाची बटणे लावत होती.

“नाही मावायचं,” ती म्हणाली.

वरच्या रस्त्यावरून बस गेली आणि काचेवरची पट्टी किंचित थरथरली. हॅना टेबलाजवळ आली. तिने एकदा काचेच्या दाराकडे पाहिले, तिकडे पाठ केली, आणि मग गिरणीत बोलतात तसे बोलली. आवाज अजिबात न काढता, ओठ मोठे करून, एकेक शब्द चेहरा भरून. म्युरिएलला ती भाषा येत नव्हती. पण तेच ओठ तिने आत्ता तीनदा पडद्यावर पाहिले होते.

मला जायचं नाही, आई.

म्युरिएलचा हात पट्टीवर गेला.

“मी काढून टाकते,” ती म्हणाली. “साहेबांना सांगेन, यंत्रात जळली. अशी जळते कधीकधी. कोणी विचारणार नाही.”

“कशाला?”

“ही सगळीकडे लागणार. रॅमसडेललासुद्धा. तुमच्या गावात किती बायका साच्यावर आहेत?”

“चारएक हजार. आणि बर्नली आहे, नेल्सन आहे, ब्लॅकबर्न आहे, सगळी गिरणीगावंच. पॅलेसला पहिल्या खेळाला आमचं खातंच असतं अर्धं.”

“मग त्यांना कळेल. निवेदक काहीही सांगो. लोक म्हणतील, एंटविसलांचा मुलगा...”

“भ्याला?” हॅनाने तो शब्द स्वतःच पुरा केला. “म्हणतील. आमच्या गल्लीतली मॅगी रिग्बी तर पडदा पडायच्या आत म्हणेल. तिचे दोन गेलेत.” ती खुर्चीवर बसली. उभे राहून बोलण्याचा तिला कंटाळा आल्यासारखा दिसला. “आमच्या एका गल्लीत नऊ तारा आल्यात, पोरी. नऊ घरांत ट्रंका भरून पत्रं आहेत. मी मजेत आहे, जेवण बरं मिळतं, काळजी करू नको. माझ्याकडे बावीस आहेत. सगळ्यांत जेवण बरं मिळतं. आम्ही ती एकमेकींना वाचून दाखवतो, आणि ऐकणारी म्हणते, किती गुणाचा गं तुझा. मग दोघी आपापल्या घरी जातो.”

तिने मांडीवरच्या पत्राची घडी सारखी केली.

“नको म्हणाला, आणि गेला. संध्याकाळी त्या शेपटीत जाऊन बसला. हे तुझ्या निवेदकाला सांगता यायचं नाही. राहू दे त्याचं तोंड. ज्यांना ऐकू येतं त्यांना येऊ दे.”

“आणि साहेबांना तुम्ही...”

“साहेबांनी सही केली ना?” हॅना म्हणाली. तिने पत्र पर्समध्ये ठेवले, पर्स मिटली. “चल, मला रस्त्यापर्यंत सोड. ही तुमची लंडनची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. एकालाही वाट विचारता येत नाही.”

म्युरिएल तिला बसथांब्यापर्यंत सोडून आली. परत येईपर्यंत जिन्याखालची पोती गेली होती. जमिनीवर फिल्मच्या दोन चुरगळलेल्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तिने दोन्ही टोके खरवडली, चिकटद्रव लावला, पट्टी दृश्यात जिथून कापली होती तिथेच बसवली आणि वरून दाबून धरली. मग निवेदनाचा तक्ता पुढे घेतला. गारसाइड यांचे वाक्य त्यांच्या तिरप्या अक्षरात समासात लिहिलेले होते. ‘आधण ठेव आई, हा आलोच मी...’ ते कुठे पडणार, हे ठरवणे तिच्याकडे होते. तिने ते मागे नेले. विमानाच्या रिकाम्या शेपटीवर ते सुरू होईल आणि पिवळा माणूस वळायच्या आत संपेल, असे चौकटींचे आकडे मांडले, आणि दोनदा तपासले.

त्यापुढचा रकाना चाळीस चौकटींचा होता. निवेदन, संगीत, विमानांचा आवाज, अशी तिथे तीन घरे होती; जे नको त्या घरात रेघ मारायची. म्युरिएलने पेन्सिलीला टोक काढले आणि तिन्ही घरांत, एकाखाली एक, आडवी रेघ मारली.